सील शाबूत होतं

गेटवर माझं घड्याळ काढून घेतलं ना, तिथूनच माझं बिनसलं. तुम्ही म्हणाल, घड्याळात काय एवढं. पण ऐका आधी. आणि मगन, हसू नको. परवा तुझ्या दुकानात बसून तुम्ही दोघं जे हसलात ते मला समोरच्या चहावाल्यानं शब्द न्‌ शब्द सांगितलंय. हिलाल फोटोवाला फोटोपेपरचं खोकं भर उजेडात उघडतो, असंच ना? बरोबर आहे, तसंच लिहून दिलंय मी, माझ्या सहीनं, रजिस्टर पोस्टानं. धुळ्यातल्या बठ्ठ्या स्टुडिओवाल्यांना ते कळलंय. पण ते खोकं मी उघडलं नव्हतं. हे तुम्हाला दोघांनाच सांगतोय, आणि पितांबर, तुला तर ऐकावंच लागेल, कारण पहिल्या पत्राचा मजकूर तुझा होता.

तर घड्याळ. घड्याळ म्हणजे नानांचं, वडील गेल्यापासून मी घालतो. काट्यांवर हिरवं रेडियम आहे, अंधारात चमकतं. जळगावला एमआयडीसीत तो कारखाना, फोटोची फिल्म आणि पेपर बनवणारा, लांबून बघितला तर कापसाचं जिनिंगच वाटेल, फक्त एकही खिडकी नाही. वॉचमननं माझी काडेपेटी घेतली, ते ठीक, पण मग मनगट धरलं आणि म्हणाला, हे काढा, रेडियम आहे, आत चालत नाही. मी म्हटलं, अहो एवढासा उजेड. तो म्हणाला, एवढासाच नडतो साहेब, मोठा असला तर लांबून दिसतो तरी. आणि त्यानं घड्याळ टेबलाच्या खणात टाकलं, बाकी कुणाकुणाच्या बिड्यांच्या बंडलांमध्ये. मनगटावर पट्ट्याच्या जागी गोरा पट्टा राहिला होता, त्याच्याकडे बघत मी उभा. नाना चैत्रात गेले तेव्हा त्यांच्या मनगटावर असाच पट्टा दिसला होता, मीच घड्याळ काढलं होतं, आणि ते काढताना मला वाटलं होतं की त्यांना आता वेळ कळणार नाही. वेडेपणाच. पण त्या गेटवर परत तेच वाटलं, आणि वाटलं की आपण इथं यायला नको होतं, तोंड वर करून तक्रारदार म्हणून तर नकोच.

तक्रार तुम्हाला माहीत आहे. तरी सांगतो, कारण तुम्हाला माझी बाजूच माहीत आहे आणि माझी बाजू खोटी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शंभर कागदांचं नवं खोकं आणलं. शाळेचं काम होतं, दहावीच्या फॉर्मचे फोटो, एकशेचाळीस पोरी. दसरा झाला, दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बसलो, लाल दिवा लावला, पहिला कागद औषधात टाकला आणि तो डोळ्यांदेखत काळा होत गेला. आधी कडा, मग पोरीचे कान, मग बठ्ठं तोंड. म्हटलं, आपला हिशोब चुकला. दुसरा टाकला, काळा. एकोणचाळीस कागद टाकले मी, आता वाटतं तिसऱ्यालाच थांबायला हवं होतं, पण माणूस थांबत नाही ना, त्याला वाटतं पुढचा तरी. शाळेत गेलो तर मुख्याध्यापकांनी पूर्ण वर्गासमोर विचारलं, काय हो, आमच्या पोरी इतक्या काळ्या आहेत का. पोरी हसल्या. काम दुसऱ्याला गेलं. तुझ्याकडे आलो पितांबर, तापलेला, आणि तू म्हणालास, थांब, असं सोडायचं नाही यांना, आणि ते पत्र सांगितलंस. छान होतं पत्र. 'सदर खोक्याचे सील शाबूत होते.' 'आत ठेवलेल्या चिठ्ठीवर भरणाऱ्याचा क्रमांक सतरा असा आहे.' 'तरी संबंधित दोषी व्यक्तीवर कडक कारवाई व्हावी.' मी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होतो. सील शाबूत होतं का, हे तू एकदा विचारलंस, मी म्हणालो, असणारच. बघितलं नव्हतं. चिकटपट्टी फाडून खोकं उघडलं की नुसतं झाकण उचललं, हे आठवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता मी.

आठ दिवसांत उत्तर आलं, की उरलेला माल घेऊन समक्ष यावे, सतरा क्रमांकाच्या कामगारास चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवले आहे. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सकाळच्या एसटीनं निघालो, मायनं भाकरी बांधून दिली, विचारलं, कोठे चालना इतला सकायमा? म्हटलं, जळगावले, ज्यांनी आपला पेपर खराब कया त्यासनाकडे. ती म्हणाली, भांडू नको बेटा. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी खिडकीशी बसून मनात भांडणाची वाक्यं जुळवत होतो, आणि सतरा नंबर म्हणजे कुणीतरी तोंडात तंबाखू धरलेला, झोपाळू, चाळिशीतला बाप्या, असा मी मनात उभा केला होता.

गिरधरभाऊ म्हणून सुपरवायझर आहेत तिथं, बारीक, हसरे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. मला वाटलं होतं अरेरावी करतील. उलट चहा पाजला, आणि म्हणाले, आलेच आहात तर कारखाना बघून घ्या, फोटोवाल्यांना दाखवायला आवडतं आम्हाला. मग त्यांनी दाखवलं. कोरा कागद, हा एवढा रूळ, माणसापेक्षा उंच. चांदी, मगन, खरीखुरी चांदी, जळगावच्या पेढीवरची असते ना तशीच, ती तेजाबात विरघळवतात आणि ते पाण्यासारखंच दिसतं. आणि एका पिंपात पिवळट, सरसासारखं काहीतरी, मऊ, त्याला एक वास, कोमट, मला तो ओळखीचा वाटला आणि ओळखता येईना. मी विचारलं हे काय. ते म्हणाले, जिलेटीन, हाडांपासून करतात, जनावरांच्या, यातच चांदी धरून ठेवतात आणि कागदावर पसरतात, आम्ही नुसतं मसाला म्हणतो. तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, माहीत होतं. नव्हतं. मी तिथं उभा राहून विचार करत होतो की आमच्या देव्हाऱ्याशेजारी नानांचा फोटो आहे, मीच काढलेला, मीच मोठा केलेला, माय रोज त्याला फूल वाहते, एकादशीला तर आधी त्याच्यापुढे पाणी ठेवते, आणि तो हाडांचा आणि चांदीचा आहे. म्हणजे एका अर्थानं बरोबरच आहे ना. पण वाटलं, हे मायला कधी सांगायचं नाही. आणि लगेच असंही वाटलं की मायला न सांगायच्या गोष्टी आपल्याकडे आता जमत चालल्यात.

मग गिरधरभाऊ म्हणाले, चला, तुमचं पाकीट, खोक्यातली ती काळी पिशवी, जिथं भरलं तिथंच उघडू, म्हणजे नंतर म्हणायला नको आमच्याकडे उजेड शिरला. काळा पडदा, एक वळण, परत पडदा, परत वळण, आणि मग अंधार. आता तुम्ही म्हणाल, तू रोज अंधाऱ्या खोलीत बसतो. अरे, आपल्या खोलीत लाल दिवा असतो. तिथं तोही नाही. त्याच टेबलांवर फिल्म कापतात आणि फिल्मला लालसुद्धा चालत नाही. मी हात डोळ्यांसमोर धरला, नाही. डोळे मिटले, उघडले, काही फरक नाही, आणि फरक नाही म्हटल्यावर मला डोळे मिटलेत की उघडे हेच समजेना, बोट लावून बघितलं. आणि चहूबाजूंनी आवाज. कागदाची सळसळ, कात्रीयंत्राचा खट्‌, आणि आकडे. हळू आवाजात बायका आकडे म्हणत होत्या. बारा, बारा, बारा. नऊ, नऊ. गिरधरभाऊंनी कानाशी सांगितलं की इथं चालायचं तर आपापला नंबर म्हणत चालायचं, नाहीतर एकमेकींवर आदळतील, हातातला माल सांडेल. मी म्हटलं, मी काय म्हणू, मला नंबर नाही. ते म्हणाले, पाहुणा म्हणा. मग मी त्या काळोखात पाहुणा, पाहुणा, पाहुणा असं म्हणत निघालो, आणि डावीकडून एक बाई म्हणाली, पाहुनेबुवा, जरा हयू, टेबल आहे पुढे, आणि दुसरी म्हणाली, पाहुन्याले गूयपानी द्या व. बठ्ठ्या हसल्या. मीही हसलो, पण माझं हसू मलाच कसंतरी ऐकू आलं, तोंड नसलेल्या माणसाचं.

सतरा, सतरा, असं म्हणत कुणीतरी समोर आलं. बाई होती. मी मनात उभा केलेला तो तंबाखूवाला तिथल्या तिथं विरघळला. गिरधरभाऊ म्हणाले, सुनंदाबाई, हे धुळ्याचे फोटोवाले, यांचं पाकीट तपासा. तिला त्या दिवसापुरतं बोलावलं होतं. ती म्हणाली, द्या भाऊ. शिवी नाही, टोमणा नाही, नुसतं द्या भाऊ. मी पाकीट पुढे केलं, तिचे हात आले, बरोबर आले, चाचपडत नाही, जसे दिवसाउजेडी यावेत. गिरधरभाऊ अंधारातच मला समजावत होते की ही बघा अशी मोजते, पत्त्यांसारखे कोपरे सरकवून, आणि मसाल्याची बाजू कोणती हे ओठाला लावून ओळखते, चिकटली की ती बाजू. मला ते पिंप आठवलं, तो वास, आणि एक बाई रोज त्याला ओठ लावतेय. एकसष्ट, ती म्हणाली. बरोबर होतं. मग ती पिशवीत हात घालून तळ चाचपत असावी, कारण काळ्या कागदाचा खरखर आवाज झाला आणि थांबला.  गिरधरभाऊ म्हणाले, काय झालं? काही नाही भाऊ, ती म्हणाली. माझा हात टेबलाच्या कडेवर होता. तिनं तो शोधला, उलटा केला, तळव्यात काहीतरी ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. टणक, बारीक, लांबट. मी अंगठ्यानं फिरवून बघितलं. तांदळाचा दाणा.

आता काय सांगू तुम्हाला. उजेडात जेवढं दिसत नाही मला, तेवढं त्या वेळी दिसलं. दसऱ्याला मी सोनं वाटून घरी आलो तेव्हा कॅमेऱ्यावर, स्टॅंडवर, एन्लार्जरवर, सगळीकडे हळदकुंकू होतं. मी मायला सांगून गेलो होतो की शेजारच्या पुष्पाबाईंना बोलव, त्या लावतील. नाना गेल्यावर हा पहिलाच दसरा. चैत्रापासून मायनं कुंकवाच्या कोयरीला हात लावला नव्हता, संक्रांतीला मिळालेली ती कोयरी तिनं स्वतः कपाटात सर्वांत मागे सारली होती. पण कॅमेऱ्यावर हळद खाली आणि कुंकू वर, दोन्ही बोटं किंचित डावीकडे ओढलेली. पुष्पाबाई तसं लावत नाहीत. माय लावते. नानांच्या पेटीला ती तसंच लावायची. मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. तिनं दार लावून घेऊन, कुणी नसताना, स्वतः लावलं होतं. मला फार बरं वाटलं होतं आणि जेवताना आम्ही दोघं भलत्याच गोष्टी बोलत होतो. आणि नाना, माहीत आहे ना, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते दर दसऱ्याला तिला सांगायचे, पेटीले कुकू लाईसन काय व्हस, काम ते पाना करस, पान्याले लाव. मग ती पेटी उघडायची आणि एकेक पाना, एकेक पक्कड बाहेर काढून चादरीवर मांडायची आणि प्रत्येकावर अक्षता टाकायची. ती सवय तिच्या हातात होती. खोकं बघितलं असेल तिनं, म्हटलं असेल, खोक्याची पूजा काय करायची. चिकटपट्टी तोडली असेल नखानं. काळी पिशवी उघडली असेल, कागद पाटावर पसरले असतील, पानं पसरावीत तसे, समोर समई. वरच्या कागदावर बोट टेकवलं असेल. मग सगळे नीट जुळवून, कडा ठोकून, परत पिशवीत. आणि ते कुंकू मला दिसलं का नाही? लाल दिव्यात लाल दिसत नाही, मगन. पांढऱ्या कागदावरचं कुंकू लाल उजेडात कागदासारखंच दिसतं. मी तोच कागद पहिला उचलला असेल आणि औषधात टाकला असेल.

हे एवढं सगळं मी मूठ मिटून उभा असताना. बाजूला बारा, बारा चाललंच होतं. मग बाहेर येताना, त्या दोन पडद्यांच्या मधल्या वळणावर, गिरधरभाऊ पुढे गेले आणि ती माझ्या मागे होती, ती हळूच म्हणाली, भाऊ, हा दाना तुमचा का आमचा, तुमीच सांगा मंग. मी म्हटलं, तुम्ही त्यांना का नाही दाखवला? ती म्हणाली, दाखवून काय करू, आमच्यातल्या लताबाईले मांगं याच्याच पायी काढलं व्हतं, दसऱ्याले हयदीचा हात घेऊन आत आली म्हने, दाना दाखवला तर म्हनतीन तूच टाकला. आणि म्हणाली, मले अंधारातलंच काम येते भाऊ, अकरा वर्सं झाले, उजेडात मले कोन काम देईन? मग पडदा सरला आणि उजेड डोळ्यांत घुसला आणि मला ती पहिल्यांदा दिसली. चाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू, खालचा ओठ मधोमध फुटलेला. डोळे मिचकावत होती. मी मूठ खिशात घातली.

गिरधरभाऊंनी माझा एक कागद आणि त्यांचा एक ताजा कागद औषधात टाकून दाखवला. त्यांचा पांढरा, माझा काळा. म्हणाले, कागद जळालेला आहे, कबूल. आता आमच्याकडे जळाला की तुमच्याकडे, एवढाच प्रश्न. तुमच्या पत्रात आहे की सील शाबूत होतं. पितांबर, त्यांनी तुझ्या वाक्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. ते म्हणाले, सील शाबूत असेल तर उजेड आमच्याकडेच शिरला, मग सतरा नंबरला ठेवता येत नाही. तुम्ही फक्त याच्याखाली सही करा, की समक्ष विचारता हेच सांगितलं. पेन माझ्यापुढे. मला एवढंच म्हणायचं होतं, की अहो, आमच्याकडे पूजेत उघडलं गेलं. तोंडापर्यंत आलं. पण मग ते लिहिलं जाणार, ते पेपर विकणाऱ्या एजन्सीला कळणार, एजन्सी धुळ्यात सांगणार, आणि कुणीतरी हसत हसत माझ्या घराच्या ओट्यावर येऊन मायला म्हणणार, काय प्रमिलाबाई, पेपरला कुंकू लावलं म्हणे. आणि मायला काय वाटेल तुम्हाला कळतंय का? पूजेनं कागद जळाला असं नाही वाटणार तिला. तिच्या हातानं जळाला असं वाटेल. विधवेनं लावलं म्हणून. नाना गेल्यावर तिनं एकदाच हिंमत केली आणि एकशेचाळीस पोरींची तोंडं काळी झाली, असं. ती परत कॅमेऱ्याकडे बघणार नाही, कोयरी तर फेकूनच देईल.

आता तू म्हणशील मगन, मग म्हणायचं मी उघडलं. हो रे. एवढं सोपं होतं. पण ते मला त्या खुर्चीत बसून सुचलं नाही असं नाही, सुचलं, आणि मी ते बाजूला सारलं. कारण फोटोवाला पेपर उजेडात उघडतो म्हणजे काय? न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा कान कापावा तसं. शाळेतल्या पोरी आधीच हसल्या होत्या. मी म्हटलं, नीट आठवत नाही, सोमवारपर्यंत कळवतो. गिरधरभाऊंनी माझ्याकडे बघितलं, हसरे होते ना, आता हसत नव्हते. म्हणाले, पत्रात तर चांगलं आठवत होतं. बाहेर आलो तर ती बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसली होती, बोदवडची गाडी संध्याकाळी, तोवर जायचं कुठं म्हणून. मला बघून उठली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, या भाऊ, नीट जा. बस.

येताना एसटीत मला बसवेना. दाणा खिशात होता, मी सारखा बोट घालून बघत होतो आहे का. हरवला असता तर बरं झालं असतं. एरंडोलला एक बाई शेजारी येऊन बसली, तिच्या पोराच्या कपाळावर काजळाची तीट, आणि मी त्या तिटेकडे बघत राहिलो. मला कळेना की मी नेमका कुणाला भितोय. मायच्या दुःखाला, की तुमच्या हसण्याला. मी मायचं नाव पुढे करत होतो आणि तिच्या पदराआड मीच लपलो होतो, हे पारोळ्यापर्यंत मला दिसायला लागलं, आणि दिसलं तसं अंगाला खाज सुटावी तसं झालं. समोरच्या काचेत माझं तोंड दिसत होतं, मागून ऊन, म्हणून काळं. रविवार पूर्ण मी दुकान बंद ठेवलं. पितांबर, तुझ्याकडे येणार होतो, परत मजकूर सांग म्हणायला, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि मागे फिरलो. सोमवारी स्वतःच लिहिलं, दोन ओळी. खोके माझ्याच हातून उजेडात उघडले गेले. सील शाबूत होते हे मी न बघता लिहिले होते. तुझ्यासारखं नाही जमलं, पण गेलं. चार दिवसांनी कार्ड आलं, की सतरा क्रमांकास कामावर रुजू करून घेतले आहे, यापुढे आपल्या तक्रारींची दखल घेतली जाणार नाही. आणि एजन्सीवाल्यानं ते कार्ड यायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. बाकी तुम्हाला माहीत आहे. हसलात ते ठीकच आहे, मी पण हसलो असतो.

इथंच संपलं असतं तर मी तुम्हाला सांगायला आलो नसतो. मायला कळलं. पूर्ण नाही, तेवढंच, जेवढं गल्लीला कळलं. पुष्पाबाईंनीच सांगितलं असणार. मी जेवत होतो, ती समोर बसली होती, म्हणाली, तू पेपर उजेडमा उघाडं म्हने? म्हटलं, हा. म्हणाली, इतला शिकेल अन्‌ तुले इतलं समजत नही? मी म्हटलं, व्हई गयं. आणि मी घास घेतला.  मग ती म्हणाली, उजेडमा उघाडं का ते खराब व्हई जास? मी मान वर केली नाही. ती म्हणाली, मी बी उघाडं व्हतं, दसराले. मग तिनं स्वतःचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघायला लागली. मन्हा हात लागाले नको व्हता, म्हणाली. फार हळू. मला वाटलं, झालं, सगळं करून शेवटी हेच. आणि मी बोललो, विचारसुद्धा केला नाही, इतक्या सहज बोललो की मला माझीच भीती वाटली. म्हटलं, दिवाना उजेडले काय नही व्हत, माय. तो लाल ऱ्हास. मन्हा खोलीमा बी लालच दिवा शे ना. मी भर दुपारे उघाडं, तेन्हामुये जयनं. तिनं विचारलं, खरं सांगस? म्हटलं, खरंच. तिनं माझ्या ताटात भात वाढला. नको म्हटलं तरी वाढला. मग म्हणाली, मंग लक्ष्मीपूजनले नवं खोकं लई ये, मी मांडसू.

आणलं मी. परवाचं लक्ष्मीपूजन. दिवे लागायची वेळ, बाहेर पोरं फटाके वाजवत होती, मी पुष्पाबाईंना बोलावलं नाही आणि दारही लावून घेतलं नाही. मायनं पाट मांडला, दोन्ही बाजूंना समया, मधे कॅमेरा, आणि खोकं माझ्याकडे दिलं, सांगितलं, हाई चिकटेल शे, तू तोड. मी सील तोडलं. तिनं पिशवी उघडली आणि कागद काढले, पांढरे, थंड, आणि ती एकेक करून पाटावर पसरत गेली, शंभरच्या शंभर, आणि मला माहीत होतं की समयांचा उजेड त्यांच्यात शिरतोय, या क्षणाला, प्रत्येकात, आणि काही म्हणजे काही दिसत नव्हतं. असंच असतं ना ते. औषधात टाकेपर्यंत कागद पांढराच दिसतो. तिनं कोयरीत बोट बुडवलं आणि बोट अर्ध्यावर थांबलं. माझ्याकडे बघितलं. लावू ना, म्हणाली.

मी म्हटलं, लाव.